पांढऱ्या पेशींचा वारसा : ‘सीजीडी’ या आनुवंशिक आजाराची ओळख

वार्षिक अहवालाची पाने एरवी जमाखर्चाची, नव्या यंत्रसामग्रीची आणि देणगीदारांच्या नामावलीची असतात. यंदा त्यांतील काही पाने आम्ही एका अपरिचित आजारासाठी राखून ठेवली आहेत. त्याचे कारण असे की, विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका सन्माननीय विश्वस्तांनी एक रास्त प्रश्न विचारला. एका मुलाच्या रक्ताचा नमुना सुमारे चारशे किलोमीटर दूर मुंबईस पाठविण्यासाठी आणि पुढे त्याच्या आई-वडिलांच्या तपासणीसाठी रुग्णसाहाय्य निधीतून खर्च का करावा लागला, असा तो प्रश्न होता. आजार मुलाला असताना तपासणी आई-वडिलांची कशासाठी? बैठकीत आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले. परंतु ज्यांच्या देणगीतून तो खर्च झाला त्या आपणां सर्वांस ते सविस्तर कळावे, असे वाटले. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, परंतु त्यांची ओळख न देता, हकिगत सांगत आहोत.

दोन केसपेपर

अंबड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा ताप आणि पोटदुखीसाठी आमच्याकडे दाखल झाला. सोनोग्राफीत यकृतामध्ये पुवाचे गळू आढळले. या वयात यकृताचे गळू होणे ही नेहमीची बाब नव्हे. शिवाय त्यापूर्वी वर्षभरात त्याच्या मानेतील गाठी दोनदा फोडाव्या लागल्या होत्या. बालरोगतज्ज्ञांनी आईला एकटीला बसवून विचारले, तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, “याच्या मोठ्या भावाचंबी असंच झालं होतं. तो गेला.”

मोठ्या मुलाचा केसपेपर शोधण्याचे काम आमच्या कार्यालयाकडे आले. अभिलेख कक्षातील गठ्ठ्यांतून तो मिळाला, कारण तो मुलगाही आमच्याच रुग्णालयात दाखल होता. बीसीजीची लस दिल्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या डाव्या काखेत गाठ आली व ती वाहू लागली, अशी नोंद होती. पुढे वारंवार न्यूमोनिया झाला, क्षयाची औषधे सुरू केली, ती पूर्ण होऊनही उतार पडला नाही, आणि तिसऱ्या वर्षी तो दगावला. शेवटच्या पानावर ‘क्षयरोग’ एवढेच लिहिलेले होते.

आमच्या भागात क्षयाचे रुग्ण पुष्कळ असल्याने प्रथम क्षयाची शंका घेणे गैर नव्हते. परंतु औषधांनी गुण येत नाही असे दिसल्यावर ‘दुसरे काही असेल का’ हा प्रश्न आमच्याकडून विचारला गेला नाही. ही आमची उणीव होती, आणि ती या अहवालात नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दोन्ही केसपेपर शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांनी ज्या आजाराची शंका व्यक्त केली, त्याचे नाव ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’, संक्षेपाने ‘सीजीडी’.

जंतू गिळला जातो, परंतु मरत नाही

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात, हे शाळेत शिकविले जाते. त्यांपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूला गाठून गिळून टाकतात. मात्र केवळ गिळल्याने जंतू मरत नाही. गिळलेल्या जंतूभोवती पेशीच्या पोटात एक छोटी पिशवी तयार होते आणि त्या पिशवीच्या आवरणावर ‘एनएडीपीएच ऑक्सिडेज’ नावाचे विकर कामास लागते. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूपासून हे विकर सुपरऑक्साइड नावाचा अतिशय तीव्र पदार्थ बनविते. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या रासायनिक माऱ्यामुळे आणि त्याच्या साहाय्याने कार्यान्वित होणाऱ्या इतर द्रव्यांमुळे जंतूचा नाश होतो.

सीजीडीच्या रुग्णांत पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असते. त्या संसर्गाच्या जागी पोहोचतात आणि जंतू गिळतातही. फक्त हे विकर काम करीत नाही. म्हणून काही विशिष्ट जीवाणू व बुरशी पेशीच्या पोटात जिवंत राहतात. शरीर त्यांना कोंडून ठेवण्यासाठी भोवती पेशींचे कडे करते व त्यांच्या गाठी बनतात. या गाठींनाच ग्रॅन्युलोमा म्हणतात आणि त्यांवरूनच आजारास नाव मिळाले. क्षयरोगातही अशाच प्रकारच्या गाठी होतात. म्हणूनच आपल्या देशात या आजाराची क्षयाशी गल्लत होते. त्यातच या मुलांना खराखुरा क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे गुंतागुंत वाढते.

मानेतील व काखेतील गाठी, त्वचेवरील गळवे, यकृतातील गळू, हाडांतील संसर्ग आणि बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया ही या आजाराची नेहमीची रूपे होत. याउलट गोवर, सर्दी यांसारख्या विषाणूंच्या आजारांशी ही मुले इतरांप्रमाणेच लढू शकतात, कारण त्या कामासाठी शरीरात वेगळ्या पेशी आहेत. यामुळेही पालकांची दिशाभूल होते. मूल एरवी धडधाकट वाटते.

कीर्द-खतावणीच्या भाषेत जनुके

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. डॉक्टरांनी जनुकांची रचना समजावून सांगितली, तेव्हा ती आम्हांस हिशेबाच्या वह्यांच्या भाषेत उमगली. त्याच भाषेत ती येथे मांडतो.

शरीरातील प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे याचा मजकूर जनुकात लिहिलेला असतो. बहुतेक जनुकांच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. एका प्रतीत चूक असली तरी दुसरीवरून काम निभावते. अशा व्यक्तीस ‘वाहक’ म्हणतात. तिला आजार होत नाही व आपण वाहक आहोत याची तिला कल्पनाही नसते.

वर सांगितलेले विकर हे एकच प्रथिन नसून पाच प्रथिनांची जुळणी आहे. त्यांपैकी दोन पेशीतील आवरणात बसविलेली असतात व तीन पेशीद्रवात सज्ज असतात. जंतू आत येताच ही पाचही एकत्र येतात. पाचांचे मजकूर पाच वेगवेगळ्या गुणसूत्रांवर लिहिलेले आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका मजकुरात बिघाड झाला तरी सीजीडी होऊ शकतो. २०१८ मध्ये ‘सीवायबीसी-१’ या सहाव्या जनुकाचीही भर पडली; आवरणातील प्रथिने नीट घडण्यासाठी त्याची गरज असते. आजार एक, परंतु त्याची मुळे अनेक, असा हा प्रकार आहे.

यांपैकी ‘सीवायबीबी’ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीजवळ दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाजवळ एकच. म्हणजे पुरुषाच्या दप्तरात या मजकुराची दुसरी प्रतच नसते. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्यास आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी असते. काही कुटुंबांत आई वाहक नसते. चूक त्या मुलाच्या बाबतीत नव्यानेच घडलेली असते. वाहक स्त्रियांच्या पांढऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, काही काम करणाऱ्या व काही न करणाऱ्या. अशा काही स्त्रियांना तोंडात वारंवार व्रण येणे, उन्हाने त्वचेवर चट्टे उठणे असा त्रास होतो. बहुधा तो उष्णतेचा म्हणून सोडून दिला जातो.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी या आजाराचे प्रथम वर्णन केले, तेव्हा तो केवळ मुलग्यांचा आजार समजला गेला होता. पुढे मुलींतही तो आढळू लागल्यावर वारशाचा दुसरा मार्गही आहे, हे लक्षात आले. १९८६ मध्ये सीवायबीबी हे जनुक सापडले. प्रथिन आधी माहीत नसताना केवळ गुणसूत्रावरील जागेवरून शोधून काढलेले हे माणसाच्या आजाराचे पहिले जनुक होय.

उरलेली जनुके एक्सवर नाहीत. त्यांच्या बाबतीत आई व वडील दोघांकडूनही चुकीची प्रत आली तरच मूल आजारी पडते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारांत एक असते, मग मूल मुलगा असो वा मुलगी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘चारांत एक’ याचा अर्थ एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी, असा नाही. दर वेळी हिशेब नव्याने मांडला जातो.

या दुसऱ्या प्रकारातील ‘एनसीएफ-१’ या जनुकाची कथा हिशेबनिसास विशेष पटण्यासारखी आहे. सातव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या दोन्ही बाजूंस त्याच्या दोन जुन्या, रद्द झालेल्या प्रती पडून आहेत. मजकूर जवळजवळ तोच. परंतु सामान्यतः त्यांच्यात एका जागी दोन अक्षरे गळलेली असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, त्या वेळी कधी कधी चुकून रद्द प्रतीतील तुकडा मूळ प्रतीत उतरतो. दोन अक्षरे गळली की पुढचा सारा मजकूर सरकतो व प्रथिन बनत नाही. जगभर या जनुकाचे रुग्ण बहुतांशी याच एका चुकीमुळे होतात. आमच्याकडील मुलाच्या तपासणीतही हीच चूक निघाली.

‘मामाची मुलगी’ आणि चौसष्टांतील एक

पाश्चात्य देशांत सीजीडी सुमारे दोन ते अडीच लाख जन्मांमागे एकास होतो आणि तेथे एक्स गुणसूत्राचा प्रकार अधिक आढळतो. जेथे नात्यात विवाह होतात, तेथे दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. मराठवाड्यातील अनेक घरांत ती आजही दिसते. तिच्याविषयी उपदेश करणे हा आमचा हेतू नाही. फक्त हिशेब मांडून दाखवितो.

समजा, एका आजोबांजवळ चुकीची एक प्रत आहे. त्यांच्या मुलास ती मिळण्याची शक्यता निम्मी आणि मुलीसही निम्मी. त्या दोघांच्या अपत्यांपर्यंत ती पोहोचण्याची शक्यता प्रत्येकी पाव. आता या आते-मामे भावंडांचा विवाह झाला, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळांत एक, आणि त्यांचे एखादे मूल आजारी असण्याची शक्यता चौसष्टांत एक. म्हणजे नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात. तथापि लाखांतील एकाचा आजार चौसष्टांतील एकावर येऊन ठेपतो, हेही तितकेच खरे.

ज्या कुटुंबाची हकिगत आम्ही सांगत आहोत, त्यातील आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे मुलाची आजी ही सुनेची सख्खी आत्या. थोरला नातू गेल्यापासून घरात सुनेला बोल लावला जात होता. निदान झाल्यावर आजी आमच्या कार्यालयात आल्या व त्यांनी थेट विचारले, “दोष कुणाच्या घराण्याचा, तेवढं सांगा.” समुपदेशनाच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर वंशवेल काढून दाखविली. आई-वडील दोघांच्याही एका प्रतीत तीच दोन अक्षरे गळलेली होती. त्या खुणा वर वर नेल्या, तेव्हा दोन्ही रेषा आजीच्या माहेरच्या एकाच उंबऱ्याशी जाऊन मिळाल्या. बहुधा आजींच्या आई-वडिलांपैकी कोणा एकाकडून ती प्रत खाली आली होती. आजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, “म्हणजे माझ्याच माहेराहून आलं की गं.” त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, त्यांच्या आई-वडिलांचाही यात दोष नाही. कित्येक पिढ्यांपूर्वी नक्कल उतरविताना झालेली ती चूक आहे. ती करणारा कोणी नाही.

नमुन्याचा प्रवास

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. सीजीडीची तपासणी तत्त्वतः साधी आहे. एका जुन्या पद्धतीत रक्तात पिवळे रंगद्रव्य मिसळून पांढऱ्या पेशींना चेतविले जाते. निरोगी पेशी ते निळे करतात. आजारी पेशींत रंग पालटत नाही. ही ‘एनबीटी’ तपासणी. तीहून अधिक विश्वासार्ह अशी ‘डीएचआर’ तपासणी फ्लो सायटोमीटर या यंत्रावर होते व तीत एकेका पेशीची क्षमता मोजता येते. हे महागडे यंत्र आणि त्याचा अर्थ लावणारे तज्ज्ञ आमच्यासारख्या रुग्णालयात ठेवणे व्यवहार्य नाही.

मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. आज रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचे निदान हे तिचे एक प्रमुख कार्य आहे. तेथील संशोधकांनी २०१८ मध्ये सीजीडीच्या ९० भारतीय रुग्णांच्या जनुकीय निदानाचा अनुभव प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून २३६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे हा आजार आपल्याकडे नाही असे नसून, तो ओळखला जात नव्हता.

या तपासणीसाठी पेशी जिवंत असाव्या लागतात. नमुना बर्फात ठेवून चालत नाही आणि तो शक्यतो चोवीस तासांच्या आत पोहोचावा लागतो. त्याच्यासोबत एका निरोगी, नात्याबाहेरील व्यक्तीचा नमुनाही त्याच डब्यातून पाठवावा लागतो. प्रवासात पेशी बिघडल्या की मुळातच दोष आहे, हे त्यावरून कळते. आमच्या नोंदणी विभागातील एका कर्मचाऱ्याने ते रक्त दिले आणि दुसरा कर्मचारी दोन्ही नळ्या घेऊन रात्रीच्या रेल्वेगाडीने मुंबईस गेला. कुरिअरचा भरवसा धरला असता, तर कदाचित खर्च वाचला असता आणि निदान हुकले असते.

आई-वडिलांची तपासणी का, याचे उत्तर वर आलेच आहे. दोष कोणत्या जनुकात आहे हे कळल्याशिवाय पुढच्या अपत्यास धोका किती, कोणत्या नातलगांनी तपासणी करावी आणि उपचारांची दिशा काय, हे सांगता येत नाही. एक्स गुणसूत्राच्या प्रकारात तर आणखी एक सावधगिरी लागते. काही रुग्णांत गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळालेला असतो व शेजारचे रक्तगटाशी संबंधित जनुकही त्यासोबत जाते. अशा मुलास नेहमीचे रक्त चढविल्यास पुढे जुळणारे रक्त मिळणे कठीण होऊन बसते.

उपचार आणि आशा

एके काळी या आजाराच्या नावातच ‘प्राणघातक’ हा शब्द होता. आज तशी स्थिती नाही. कोट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध रोज दिल्याने जीवाणूंचे संसर्ग पुष्कळ कमी होतात आणि इट्राकोनाझोलमुळे बुरशीला आळा बसतो. ही औषधे वर्षानुवर्षे चुकविता येत नाहीत.

शेतकरी कुटुंबांसाठी घरातील काळजीही तितकीच महत्त्वाची. कुजलेला पालापाचोळा, शेणखत, उकिरडा, भिजलेला कडबा, भुसा आणि बऱ्याच दिवसांनी उघडलेले धान्याचे पेव यांत बुरशीचे सूक्ष्म बीजाणू प्रचंड असतात. सर्वसामान्य माणसास त्यांचे काही होत नाही. या मुलांना एका दिवसाच्या संपर्काने गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून खत भरताना वा पेव उघडताना मुलास तेथे फिरकू देऊ नये.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार कायमचा बरा होऊ शकतो. त्यासाठी जुळणारा दाता लागतो, आणि वाहक असलेले निरोगी भावंडही दाता होऊ शकते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात, एकदाच करावयाच्या उपचारांनी बऱ्या होणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात सीजीडीचा समावेश आहे. २०२२ पासून या धोरणाखाली निर्देशित केंद्रांत पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. मुंबईचे केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक होय. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतील जनुक दुरुस्त करण्याचे प्रयोगही परदेशात सुरू आहेत. गळलेली दोन अक्षरे पुन्हा लिहिण्याचा उपचार पहिल्या रुग्णावर झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. तो अद्याप प्रयोगच आहे, हे लक्षात ठेवावे.

आमच्याकडील मुलाचे गळू दीर्घ उपचारांनी भरून आले असून त्याची नित्य औषधे रुग्णसाहाय्य निधीतून चालू आहेत. त्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी आईने स्वतःहून दोन्ही भावांची हकिगत डॉक्टरांना सांगितली, म्हणून तिची बीसीजी लस थांबवून आधी रक्त तपासले. तिच्या पेशी उत्तम काम करीत असल्याचे कळल्यावरच लस दिली गेली. ती भावास दाता म्हणून जुळते का, याची तपासणी व्हावयाची आहे.

कुटुंबीयांस विनंती

या अनुभवानंतर आमच्या बालरोग विभागाच्या केसपेपरवर तीन प्रश्न छापले आहेत. घरातील एखादे मूल लहानपणी वारंवार आजारी पडून दगावले आहे काय? आई-वडील लग्नापूर्वीपासून नात्यातील आहेत काय? बीसीजीच्या लसीनंतर काखेत गाठ येऊन ती वाहिली होती काय? या प्रश्नांना खर्च काही येत नाही. परंतु त्यांची उत्तरे संकोचाने लपविली गेली, तर पुढच्या बाळाची किंमत मोजावी लागू शकते. ‘होय’ म्हणजे सीजीडीच, असेही नव्हे. त्यावरून तपासणीची दिशा मिळते एवढेच. पालकांनी मनाने लसी थांबवू नयेत. सीजीडीत बीसीजीसारखी जिवंत जीवाणूंची लस टाळावी लागते, परंतु इतर बहुतेक लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात. पुढील गर्भारपणात गर्भातील जनुकीय दोषाची तपासणी १९९४ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रांत करता येते. गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हा आहे.

देणगीदारांच्या नावाच्या पाट्या इमारतीवर दिसतात. रात्रीच्या गाडीने गेलेल्या दोन नळ्यांवर कोणाचे नाव नव्हते, तरीही त्या आपल्याच देणगीतून गेल्या. मोठ्या मुलाच्या केसपेपरवरील अखेरची ओळ आम्ही बदलू शकत नाही. त्याच्या भावाच्या केसपेपरवर मात्र योग्य निदान लिहिले गेले, आणि ते आपल्या साहाय्याने शक्य झाले.